जठराआधीचा घास

मत्स्यबीज केंद्रांवर माशांच्या पिल्लांची नावे मापावरून पडली आहेत. अंड्यातून नुकते बाहेर आलेले ते मत्स्यजिरे, बोटाएवढे झाले की बोटुकली. रोहू-कटल्याच्या तळ्यांवर रुळलेली ही नावे सोयीची आहेत, व्यवहाराला पुरेशी आहेत. पण त्यांच्यात एक गृहीतक दडलेले आहे. जिरे आणि बोटुकली यांत फरक काय तो आकाराचा; जिरे म्हणजे लहान मासा आणि मासा म्हणजे मोठे झालेले जिरे, असे ती नावे नकळत सांगतात. समुद्रातल्या बहुतेक माशांच्या बाबतीत हे खरे नाही, आणि या गैरसमजाची किंमत मत्स्यविज्ञानाने व मत्स्यसंवर्धनाने शंभराहून अधिक वर्षे मोजली आहे. समुद्री माशाचे पिल्लू पहिला घास कसा घेते आणि तो कसा पचवते, हा या पुस्तकाचा विषय. त्यामागचे म्हणणे थोडक्यात असे: पहिले दोन-तीन आठवडे हे पिल्लू आईबापांहून वेगळ्याच जातकुळीचा प्राणी असते. त्याचे आतडे अर्धवट राहिलेले, कच्चे, दुबळे असते ही समजूत सोडून द्यायला हवी. ते आतडे एका ठरावीक मापाच्या, ठरावीक जातीच्या अन्नासाठी पुरेपूर सज्ज असते. पिल्लू उपाशी मरते ते बहुधा त्या अन्नाची आणि त्याची वेळेवर गाठ पडली नाही म्हणून.

जिताड्याचे उदाहरण घेऊ. रायगडच्या खाड्यांत आणि खाजणांत वाढणारा, अलिबाग-पेणकडे पाहुण्याच्या ताटात मानाने वाढला जाणारा हा मासा अंडी घालायला मात्र खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात जातो. अंडे जेमतेम पाऊण मिलिमीटरचे, आत तेलाचा एक थेंब, त्यामुळे ते तरंगते. २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात साधारण १५ ते १८ तासांत पिल्लू बाहेर पडते. त्याची लांबी सुमारे दीड मिलिमीटर. स्वयंपाकघरातला जिऱ्याचा दाणा त्याच्या तिप्पट तरी भरेल. या घडीला त्याला तोंड नाही, डोळ्यांत रंगद्रव्य नसल्याने दृष्टी नाही, आणि आतडे म्हणजे एक साधी सरळ नळी आहे. पोटाखालची बलकाची पिशवी हीच त्याची शिदोरी. पुढच्या दीड-दोन दिवसांत सगळी कामे ठरल्या क्रमाने उरकतात: डोळे काळे होतात, जबडा उघडतो, गुदद्वार मोकळे होते, यकृत आणि स्वादुपिंड कामाला लागतात. हा सगळा खर्च शिदोरीतून चाललेला असतो. माणसाच्या बाळाचे उष्टावण सहाव्या महिन्यात होते, तेही आईचे दूध चालू असताना. आज भात नाही खाल्ला तर उद्या खाईल. जिताड्याच्या पिल्लाला अशी सवड नसते. हेरिंगच्या पिल्लांवर काम करणाऱ्या ब्लॅक्स्टर आणि हेम्पेल यांनी १९६३ मध्ये या मर्यादेला नेमके रूप दिले. बलक संपल्यावर उपासमारीत एक क्षण असा येतो की त्यानंतर समोर अन्न आले तरी निम्म्या पिल्लांना ते पकडण्याचे त्राण उरत नाही. ती जिवंत असतात, तरंगत असतात, पण हिशेबाने मेलेलीच. थंड समुद्रात या क्षणापर्यंत काही दिवसांची मुदत मिळते. आपल्याकडच्या उबदार पाण्यात शरीराचा खर्चच इतका भरभर होतो की ती तासांवर येते.

या मुदतीत पिल्लाने करायचे काय, तर केसाच्या जाडीएवढे भक्ष्य पकडायचे. जिताड्याच्या उघड्या तोंडाचे माप मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असते, त्यामुळे घास त्याहूनही लहान हवा: कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी जिवांची पिल्ले, किंवा एकपेशीय प्लवक. पिल्लू भक्ष्य दिसले की शरीर इंग्रजी एस अक्षरासारखे वळवते, क्षणभर स्थिर राहते आणि मग सुटलेल्या स्प्रिंगसारखे पुढे झेपावते. दृश्य पराक्रमाचे आहे, पण निकाल तसा नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील अँकोव्हीच्या पिल्लांचे जॉन हंटर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला निरीक्षण केले, तेव्हा पहिल्या दिवसाच्या दहा झेपांपैकी जेमतेम एक यशस्वी होत होती. तीन आठवड्यांनी तेच प्रमाण दहात नऊपर्यंत गेले. पिल्लू शिकत असते म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. दोन-तीन मिलिमीटरच्या जिवाला पाणी आपल्यासारखे पातळ लागत नाही. त्या मापावर पाण्याचा चिकटपणा वरचढ ठरतो आणि पोहणे म्हणजे काकवीत हात मारण्यासारखे होते. तोंड उघडून पाणी आत ओढावे, तर भक्ष्य त्याबरोबर सहज येत नाही. इस्रायलमधील व्हिक्टर चायना आणि रॉय हॉल्झमन यांनी २०१४ मध्ये सी-ब्रीम माशाच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की वयापेक्षा आकार आणि पाण्याचा चिकटपणा यांवरच हे अपयश अवलंबून असते. भोवताली अन्न भरपूर असूनही पाण्याच्या भौतिकीमुळे पिल्लू उपाशी राहू शकते. म्हणजे पचनाचा प्रश्न उभा राहण्याआधीच दहातले नऊ डाव हरलेले असतात. जो एक घास पोटात जातो, तो वाया घालवणे परवडणारे नसते, आणि पिल्लाच्या आतड्याची सारी रचना या एका अटीशी जुळवून पाहिली की उलगडू लागते.

पोट हा शब्द येथे सवयीने आला. वास्तविक या पिल्लाला जठर नसतेच. आम्ल नाही, पेप्सिन नाही, अन्न साठवून घुसळायची पिशवी नाही. घशापासून गुदद्वारापर्यंत एकच नळी, तिच्यात अल्कधर्मी पाचकरस आणि स्वादुपिंडातून येणारी ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, लायपेज, अमायलेज ही विकरे. पिल्लू काचेसारखे पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली सगळा कारभार उघड दिसतो. गिळलेला जीव नळीत मागेपुढे ढकलला जातो, कधी थोडा वेळ आत हालचालही करत राहतो, मग त्याच्या कडा विरघळू लागतात. नळीच्या मागच्या भागात तर आणखी वेगळी व्यवस्था आहे. तिथल्या पेशी अर्धवट तुटलेली प्रथिने थेंबाथेंबाने घोटून अख्खीच आत ओढून घेतात आणि उरलेले पचन पेशीच्या पोटात करतात. प्रौढ सस्तन प्राण्यांत ही सोय जवळजवळ बंद झालेली असते. नवजातांत मात्र ती काही काळ चालू असते. आता बलकाकडे परत पाहा. समुद्रात तरंगणाऱ्या अनेक माशांच्या अंड्यांत अमिनो आम्लांचा मोठा वाटा, कधी निम्म्यापर्यंत, सुटा असतो, प्रथिनांच्या साखळ्यांत गुंफलेला नसतो. बर्गन येथील फ्यून, रोन्नेस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सविस्तर मांडले. म्हणजे पिल्लाचे पहिले इंधन असे असते की ते पचवावेच लागत नाही. आणि समुद्रात ज्याच्यावर ते पहिल्यांदा तोंड टाकते, त्या कोपेपॉडच्या शरीरातही सुट्या अमिनो आम्लांचे प्रमाण चांगले असते. शिदोरी संपून बाहेरचे जेवण सुरू होताना खाद्याचा पोत एकदम बदलत नाही, उतार हळूहळू येतो. ही साखळी पाहिल्यावर त्या नळीला अपुरी म्हणणे जड जाते.

यावर सर्वांत जुना आणि वजनदार आक्षेप असा, की आतडे इतके समर्थ असेल तर हीच पिल्ले कोरड्या खाद्यावर का जगत नाहीत? संवर्धन केंद्रांत वर्षानुवर्षे आलेला अनुभव असा की पहिल्या दिवसापासून भुकटी घातली तर पिल्ले ती खातात, आतडे भरलेले दिसते, तरीही ती मरतात. जिवंत खाद्य दिले की जगतात. यावरून १९७७ मध्ये दाब्रोव्स्की आणि ग्लोगोव्स्की यांनी एक आकर्षक कल्पना मांडली: जिवंत भक्ष्य आपली विकरे स्वतःबरोबर आणते आणि पिल्लू त्या उसन्या विकरांवर पचन भागवते. कल्पना पुष्कळ काळ पाठ्यपुस्तकांत टिकली. पण उसनवारी मोजायला घेतल्यावर रक्कम किरकोळ निघाली. जपानी सार्डिनच्या पिल्लांत भक्ष्याकडून आलेल्या प्रथिनपाचक विकरांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी भरला. इतर जातींतही तो काही टक्क्यांपलीकडे फारसा गेला नाही. शेवटचा निकाल फ्रान्सच्या इफ्रेमर संस्थेतून आला. कायू आणि झाम्बोनिनो इन्फान्ते यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस खाद्याचीच घडण बदलली: पुरेशी फॉस्फोलिपिडे आणि प्रथिनांचा काही भाग आधीच तोडलेल्या रूपात. या खाद्यावर युरोपीय सी-बासची पिल्ले तोंड उघडल्या दिवसापासून, जिवंत भक्ष्याशिवाय वाढू शकली. आतडे तेच होते, बदलला तो घास. तोडलेल्या प्रथिनांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे वाढवले की फायदा उलटतो, हेही त्यांनीच दाखवले. पिल्लाला पचलेले अन्नच हवे असते असा सोपा अर्थ म्हणून काढता येत नाही. प्रत्येक जातीत हे इतके सुरळीत जमलेले नाही आणि आजही बहुतेक केंद्रे जिवंत खाद्यानेच सुरुवात करतात. तरी आक्षेपाचे उत्तर मिळाले आहे: जे अपुरे ठरत होते ते खाद्य होते.

दुसरा आक्षेप तुलनेतून येतो. सामनचे पिल्लू पहिल्या घासापासून कोरडे खाद्य पचवते, मग समुद्री पिल्लांना मागासलेली का म्हणू नये? सामनचे अंडे मोठे, बलक भरपूर. पहिला घास घेताना पिल्लू दोन-अडीच सेंटिमीटरचे झालेले असते आणि त्याचे जठर तयार असते. त्याने बालपणाचा अवघड भाग बलकाच्या भरवशावर आधीच पार केलेला असतो. आई मोजकी, मोठी अंडी घालते आणि त्यांत शिदोरी ठासून भरते. समुद्रातल्या बहुतेक माद्यांनी उलटा सौदा केला आहे: लाखोंनी अंडी, शिदोरी दोन दिवसांची. जठर बांधायला जागा लागते, आम्ल तयार करायला ऊर्जा लागते. दीड मिलिमीटरच्या देहात ही चैन परवडत नाही, आणि मऊ प्लवक पचवायला तिची गरजही नाही. जठर नसणे हे मागासलेपणाचे लक्षण असते तर रोहू-कटला जन्मभर मागासलेले ठरले असते, कारण कार्प कुळातल्या माशांना मरेपर्यंत जठर फुटत नाही. तळ्यांवरची जिरे-बोटुकली ही नावे म्हणूनच तिथे फारशी अडत नाहीत. पिल्लाची आणि मोठ्या माशाची पचनाची तऱ्हा मुळात सारखीच असते. जिताड्याचे तसे नाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याच्या नळीचा एक भाग फुगतो, जठरग्रंथी दिसू लागतात, पेप्सिन येते आणि तिथले वातावरण अल्कधर्मीकडून आम्लाकडे झुकते. कॉडसारख्या थंड पाण्यातल्या माशाला याहून कितीतरी अधिक काळ लागतो. हा बदल झाला की तेच पिल्लू कोरडे खाद्य पचवते, मोठे घास गिळते, आणि जिताड्याच्या बाबतीत तर हौदातल्या लहान भावंडांनाही गिळू लागते. म्हणूनच संवर्धकाला पिल्लांची आकारानुसार सतत निवड करावी लागते. जिताडा खऱ्या अर्थाने जिताडा होतो तो या टप्प्यावर.

घास बदलण्याची गोष्ट संवर्धनाच्या इतिहासातही तशीच घडली. समुद्री माशांची पिल्ले कैदेत वाढवण्याची किल्ली प्रगत यंत्रांतून सापडली नाही. ती तोंडात मावेल असा जीव सापडल्यावर सापडली. १९३० च्या दशकात अमेरिकेत सील आणि नॉर्वेत रोलेफसेन यांनी आर्टेमिया या खाऱ्या तळ्यांतल्या जिवाची पिल्ले उपयोगी पडतात हे दाखवले. त्याची अंडी वाळवून डब्यात ठेवता येतात आणि हवी तेव्हा उबवता येतात. पण आर्टेमिया बऱ्याच पिल्लांच्या तोंडाला मोठा पडतो. १९६० मध्ये जपानच्या ताकाशी इतो यांनी रोटिफर पुढे आणला, तोवर ईलच्या तळ्यांत उपद्रव म्हणून ओळखला जाणारा, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढा, संथ पोहणारा जीव. तो मावला, पकडता आला, आणि समुद्री मत्स्यबीजाचा उद्योग उभा राहिला. तरीही रोटिफर आणि आर्टेमिया हे सोयीचे पर्याय आहेत, समुद्रातले मूळ अन्न नव्हेत. डोळा आणि मेंदू घडवायला लागणारे डीएचए हे मेदाम्ल कोपेपॉडमध्ये भरपूर असते, आर्टेमियात जवळजवळ नसते. त्यामुळे हे जीव पिल्लांना घालण्याआधी त्यांनाच तेलकट मिश्रण खाऊ घालावे लागते. हौदात रोटिफर दर मिलिलिटरला दहा-वीस ठेवतात, म्हणजे लिटरला दहा-वीस हजार. समुद्रात कोपेपॉडची पिल्ले लिटरला पुष्कळदा काही दहांत मोजावी लागतात. या सुबत्तेचाही तोटा आहे. हेरिंगच्या पिल्लांवरील प्रयोगांत असे दिसले की भक्ष्य फार दाट झाले की पिल्लू खातच राहते, अन्न नळीतून घाईने पुढे सरकते आणि धड न पचताच बाहेर पडते. पानात जास्त वाढले म्हणून अंगी जास्त लागत नाही. विरळ समुद्राशी जुळवलेल्या आतड्याला आवर घालण्याची तजवीज निसर्गाने केलेली नाही, कारण तशी वेळ तिथे क्वचितच येते.

आता उघड्या समुद्राकडे. १८६० च्या दशकात जी. ओ. सार्स यांनी लोफोटेनच्या समुद्रात कॉडची अंडी तरंगतात हे दाखवले. १८८० च्या दशकात डॅनेव्हिग यांनी फ्लोदेविगेन येथे कॉडचे उबवणी केंद्र सुरू केले आणि मग वर्षानुवर्षे बलक असलेली कोट्यवधी पिल्ले समुद्रात सोडली गेली. त्यांमुळे मासळी वाढली असे पटवून देणारा पुरावा मात्र मिळाला नाही. जिथे सर्वाधिक पडझड होते तो उंबरठा पिल्लांनी ओलांडण्याआधीच माणूस त्यांच्यावरून हात काढून घेत होता. १९१४ मध्ये योहान योर्ट यांनी या प्रश्नाला आजचे रूप दिले. नॉर्वेच्या हेरिंगमध्ये १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढची कित्येक वर्षे जाळ्यांत वरचढ राहिली होती. असे एखादेच भाग्यवान वर्ष का येते? योर्ट यांचा तर्क असा की बलक संपून बाहेरचे अन्न सुरू होण्याचा काळ निर्णायक असतो. पुढे डेव्हिड कुशिंग यांनी त्याला कालगणनेची जोड दिली: अंडी घालण्याचा हंगाम बराचसा ठरलेला, प्लवकाचा बहर मागेपुढे होणारा, आणि दोन्ही जुळले तर पिढी मोठी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रुबेन लास्कर यांनी १९७० च्या दशकात समुद्राच्या वेगवेगळ्या थरांतले पाणी घेऊन त्यात प्रयोगशाळेत उबवलेली अँकोव्हीची पिल्ले सोडली. पृष्ठभागाच्या पाण्यात ती जवळजवळ उपाशी राहिली; खालच्या एका दाट थरातल्या पाण्यात त्यांचे पोट भरले. मग वादळ आले, थर ढवळून निघाला आणि तेच अन्न पातळ होऊन निरुपयोगी झाले. अन्न समुद्रात होतेच. ते पुरेसे दाट, नेमक्या खोलीवर, त्या दोन दिवसांत होते का, एवढाच प्रश्न होता. उपग्रहाच्या चित्रांनी याला पुष्टी दिली: कॅनडातील नोव्हा स्कॉशियाजवळ १९८१ आणि १९९९ या वर्षी हॅडॉकच्या असाधारण मोठ्या पिढ्या आल्या, आणि दोन्ही वर्षी वसंतातला बहर लवकर आला होता, असे प्लॅट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले.

योर्ट यांच्यावरील टीका मात्र हलक्यात घेण्यासारखी नाही. एडवर्ड हाउड आणि इतरांनी दाखवले की पिल्ले फक्त पहिल्या घासाच्या वेळी मरत नाहीत. संपूर्ण बालपणभर मरतात, आणि त्यांतली पुष्कळशी कोणाच्या तरी तोंडात जातात. रोजच्या मृत्युदरात किंवा वाढीत थोडासा फरक पडला तरी अखेरीस वाचलेल्यांची संख्या दहापट बदलू शकते. मग पहिल्या घासावर अख्खे पुस्तक कशाला? याचे उत्तर त्याच हिशेबात आहे. ज्याला घास कमी मिळतो ते हळू वाढते. हळू वाढणारे जास्त दिवस लहान राहते. आणि जितके दिवस लहान, तितके दिवस ते दुसऱ्याच्या तोंडात मावणारे. भुकेचा बळी पुष्कळदा शिकाऱ्याच्या खात्यावर जमा होतो. एक आक्षेप पुराव्याच्या दर्जाचाही होता: समुद्रातून धरलेल्या हेरिंग-सार्डिन कुळातल्या पिल्लांची आतडी वारंवार रिकामी आढळत, त्यावरून समुद्रात सर्वत्र उपासमार आहे असे मानले गेले. पुढे लक्षात आले की ही सरळ नळी जाळ्याच्या धक्क्याने आणि फॉर्मेलिनमध्ये टाकताच रिकामी होते. शिवाय मऊ एकपेशीय जीव इतके झटपट विरघळतात की मागे खूण राहत नाही. म्हणजे रिकाम्या आतड्याची साक्ष काढण्याआधी ते आतडे कसे चालते हे माहीत हवे. उपासमारीचे दावे यामुळे मवाळ करावे लागले, पण पचनाचा अभ्यास त्याने अधिकच अपरिहार्य ठरला.

आपल्या किनाऱ्यासाठी हा विषय परका नाही. चेन्नईच्या केंद्रीय खारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले. केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेने मंडपम येथे २०१० मध्ये कोबियाचे आणि पुढच्या वर्षी सिल्व्हर पॉम्पॅनोचे बीज तयार केले. या प्रत्येक कामात अंडी मिळवण्याइतकाच कस पहिल्या पंधरवड्यात लागतो. समुद्राच्या बाजूनेही असेच आहे. पावसाळी मासेमारी बंदी अंड्यावर आलेल्या मादीला वाचवते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवण्याच्या कोळ्यांच्या रीतीतही तेच शहाणपण आहे. पण अंडी फुटल्यानंतर त्या पाण्यात योग्य मापाचा घास त्या दोन दिवसांत असेल की नाही, हे कोणतीही बंदी ठरवू शकत नाही. तारलीची केरळातली आवक २०१२ मध्ये चार लाख टनांच्या घरात होती आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. या घसरणीचा सारा दोष पिल्लांच्या भुकेवर टाकणे चुकीचे ठरेल. तापमान, प्रवाह आणि जाळी यांचेही हिशेब त्यात आहेत. परंतु जाळ्यांचा हिशेब आपण नेमाने ठेवतो आणि पिल्लाच्या पानात काय पडले याचा ठेवत नाही, हे मान्य करायला हवे.

वाचकाला एवढेच सांगायचे आहे की पुढच्या पानांत येणाऱ्या विकरांच्या आणि मेदाम्लांच्या नावांनी दबून जाऊ नये. प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारावेत: घास तोंडात मावतो का, वेळेवर मिळतो का, आणि त्या दिवशी जे आतडे आहे त्याला तो पेलतो का. जिताड्याचे तोंड उघडल्यापासून त्याची शिदोरी संपेपर्यंत जेमतेम एक-दोन दिवस जातात. या पुस्तकाची पहिली सहा प्रकरणे तेवढ्याच दिवसांची आहेत.